जाळीचे कान

पडदा वर जातो तेव्हा साताऱ्यात, गोडोलीतल्या एका घराच्या मधल्या खोलीत भर दुपार असते. डाव्या हाताला खिडकी, खिडकीत अजिंक्यताऱ्याचा एक तुकडा. उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार, अर्धं उघडं. समोर बाहेरच्या खोलीचं दार, तेही अर्धंच. मधोमध बिनहाताची लाकडी खुर्ची आणि खुर्चीत नाथाजी. अंगात कडक इस्त्रीचा सदरा, डोळ्यांवर जाड काड्यांचा चष्मा. पुढ्यातल्या टेबलावर तीन खोकी. त्या तीन खोक्यांकडे म्हातारा असा बघतोय, जसा फौजदार चोरीच्या तपासात रांगेला उभ्या केलेल्या तिघांकडे बघतो.

“कुणासाठी आणलीत ही?”

“माझ्यासाठी, आबा. कामाला लागतात.”

ही उत्कर्षा, त्यांची नात. पुण्यातली एक कंपनी आवाज कमावलेल्या माणसांकडून पुस्तकं वाचून घेते आणि ही पोरगी साताऱ्यात घरी बसून ते वाचन साफ करते. कुठं खोकला काढ, कुठं ओठांची मचमच काढ. दिवसभर कानावर हेडफोन. तिचे जुने हेडफोन पाठीमागून बंद होते, त्यात उन्हाळ्यात कान शिजायचे. आता तिला मागच्या बाजूनं उघडे, जाळीचे हवे होते. फार महाग नकोत आणि अगदी टाकाऊही नकोत. तीन जोड आणले होते. ऐकून, घालून बघायचे, एक ठेवायचा, दोन परत.

“मग मला कशाला बसवलंयस?”

“घरात तुमच्याइतका तयार कान दुसऱ्या कुणाचा आहे?”

इथंच नाथाजींच्या मनात पाल चुकचुकली. कुणी स्तुती केली की ते आधी आपला खिसा चाचपत.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, ती त्यांची विद्या होती. माधवनगरच्या कापड गिरणीत ते साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायचे आणि पाळी सुटली की गिरणी कामगारांच्या नाटक मंडळात प्रॉम्प्टर म्हणून बसायचे. नटाची जीभ अडली की विंगेतून हळूच वाक्य पुरवणारा तो प्रॉम्प्टर. पाहुण्यांना, टाळ्यांना, हारतुऱ्यांना तो दिसत नाही. दिसला तर नाटक पडलं. आणि जो प्रॉम्प्टर नटावर विश्वास ठेवतो तो कामातून गेला. “पाठ हाय” असं कुणी म्हणालं की नाथाजी त्याच पानावर बोट ठेवून बसत.

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. नट थांबला म्हणजे विसरलाच असं नसतं. कधी तो ठरवून थांबतो, प्रेक्षकाला ताटकळत ठेवतो. तेवढ्यात विंगेतून वाक्य आलं तर प्रसंगाची माती. आणि खरोखर विसरलेला असताना वाक्य आलं नाही तर नटाची माती. दोन्ही थांबणी लांबून सारखीच. नाथाजी ती श्वासावरून ओळखायचे. ठरवून थांबलेला माणूस श्वास धरून ठेवतो. विसरलेला माणूस घेतो आणि पुन्हा घेतो. मग नाथाजी वाक्य सोडायचे, ते असं, की नटाच्या कानात पडावं आणि पहिल्या रांगेतल्या पाहुण्याच्या पदरात पडू नये. त्यांची खुर्ची डाव्या विंगेत असे आणि बिनहाताची असे, कारण हाताची खुर्ची कुरकुरते. मंडळाची रीत होती, तिसरी घंटा व्हायच्या आत मुख्य नटानं येऊन त्या खुर्चीच्या पाठीला हात लावायचा. देवाच्या पाया पडून झालं की मग इथं.

तर असा हा माणूस. बायको तानुबाई गेल्यावर मुलाकडं साताऱ्याला आला. मुलगा मल्हार एसटीच्या आगारात, सून संयोगिता अंगणवाडीत. सगळं ठीक चाललं होतं, पण गेली दोन-तीन वर्षं नाथाजींना घरात काहीतरी शिजतंय असं वाटत होतं. शिजतंय हा शब्द बरोबर आहे, कारण सुरुवात कुकरपासून झाली. कुकर हल्ली शिट्ट्याच करत नव्हता. म्हणजे सून गॅस वाचवण्यासाठी डाळ कच्ची उतरवत असणार. मग दारावरची घंटा वाजेनाशी झाली. म्हणजे मल्हारनं पाहुणे टाळायला तिची तार काढली असणार. बातम्या देणारे पुटपुटायला लागले, लोक तोंडातल्या तोंडात बोलायला लागले. साध्या फोनवर रेंज मिळेना म्हणून नाथाजी फक्त व्हिडिओवरच बोलत. समोर तोंड दिसलं की सगळं लख्ख कळायचं.

कळणारच. गिरणीत साच्यांच्या खडखडाटात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तिथले कामगार एकमेकांचे ओठ वाचतात. नाथाजी तरुणपणीच ती भाषा शिकले होते आणि आता ती इतकी अंगात भिनली होती की आपण ऐकतोय का बघतोय, हे त्यांचं त्यांनाही उमगत नव्हतं. किंवा उमगत होतं. पण संशयी माणूस शेवटचा संशय स्वतःवर घेतो.

आणि आता मामला खुर्चीचा होता. मंडळाच्या वर्धापनदिनाला सांगलीत जुनं किल्लेदाराचं नाटक पुन्हा उभं राहणार होतं. किल्लेदार तोच, अल्लाबक्ष; गिरणीत नाथाजींच्या शेजारच्या साच्यावरचा. नवा दिग्दर्शक जयराज म्हणाला होता, प्रॉम्प्टर कशाला, नटांच्या कानात छोटी बटणं घालू, लॅपटॉपवरून वाक्यं देऊ. त्यावर अल्लाबक्षनं काय उत्तर दिलं ते त्यानं व्हिडिओवर नाथाजींना स्वतः करून दाखवलं होतं, पूर्ण अभिनयासह.

“त्याला म्हटलं, गड्या, कानात बी पेरून मी रंग लावत नसतो. नाथा डाव्या विंगेत असंल तर किल्लेदार उभा ऱ्हाईल. न्हाईतर तू लाव मिशी आन् हो किल्लेदार!”

“मग काय म्हनला?”

“म्हनला, बघतो, इच्यारतो.”

काय विचारतो, कुणाला विचारतो? त्या दिवसापासून स्वयंपाकघरात कुजबूज वाढली होती. मल्हार आणि संयोगिता ओट्याशी पाठमोरी उभी राहून बोलत आणि म्हातारा दारात आला की गप्प होत. पाठमोरी. नेमकी पाठमोरी! आणि लगेच आठवड्यात ही तीन खोकी.

“घाला आबा पहिला. चष्म्यावरून बसतो का बघा. काड्या टोचतात?”

नाथाजींनी घातला. काळा, जड, कडेनं कातड्यासारख्या गाद्या. त्यानं डोकं असं आवळलं की जणू पोलीस पाटलानं मानगूट धरली.

“टोचतात म्हंजे? डोक्यात खिळं ठोकल्यागत हुतंय. तुला कुठं चष्मा हाय? काड्यांची चौकशी कशाला?”

उत्कर्षा खोकं आवरायला वळली. वळून काहीतरी बोललीही असावी, कारण पुन्हा समोर आली तेव्हा उत्तराची वाट बघत होती.

“काय म्हनलीस?”

“काही नाही.” ती हसली, पण डोळ्यांनी काहीतरी टिपून घेतलं. नाथाजींनी तेही टिपलं.

मग तिनं आवाज सुरू केला आणि म्हाताऱ्याचा हात आपोआप मांडीवर थबकला. किल्लेदाराचं नाटक! मंडळाच्या जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेलं. पडद्याआडचा नगारा धडधडला.

“कसं वाटतंय?”

“नगारा लय मोठा झालाय. अल्लाबक्ष नगाऱ्याच्या पोटात बसून बोलतोय.”

“बरोबर. खालचे सूर फुगवलेत यानं. मलाही नको वाटला. आणि गाद्या तापतात.”

दुसरा करडा, मखमली गाद्यांचा. हलका, इतका की नाथाजींनी दोनदा हात लावून तो आहे ना याची खात्री केली. काड्यांना त्रास नाही. आवाज मात्र पसरलेला. डावीकडं पेटी, उजवीकडं तबला, भलंमोठं नाट्यगृह उघडल्यासारखं.

“हा चांगला आहे ना? केवढी जागा वाटते!”

“जागा हाय. पण मला बाल्कनीत बसवलंस. नटाचं तोंड दिसत न्हाई हितनं.” तोंड शब्द निसटला तसे ते सावध झाले. “म्हंजे आवाज लांब पडतो. पैसे देऊन आलेल्याला बरा.”

“आणि आधी, माझे जुने बंद घातले होते तेव्हा?”

तो विषय निघताच स्वयंपाकघरातून संयोगितानं डोकं बाहेर काढलं. “नको गं बाई ते! आवं आबा, तुमी चहा मागितला तर शेजारच्या समीनाभाभी काठी घेऊन आल्या, म्हटल्या चोर शिरला का काय!”

कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि बाहेर किती जातोय त्याचा अंदाज सुटतो. सकाळी तेच झालं होतं. आयुष्यभर आवाज तोळामाशानं मोजणाऱ्या माणसाला ते फार लागलं होतं, पण बोलले नाहीत. जाळीचे हेडफोन त्यापेक्षा बरे. आपलं बोलणं आपल्याला कळतं. पण जाळी म्हटलं की त्यातही काहीतरी गोम असणार.

“ह्या जाळीतनं आवाज भाईर जातो न्हवं?”

“थोडा जातो.”

“म्हंजे मी काय ऐकतोय ते सगळ्यांस्नी कळनार.”

“आबा, तुमच्याच नाटकाची कॅसेट आहे. कुणाला कळून काय होणार?”

“नाटक पडतं ते अशानंच.”

तिसरा निघाला. तपकिरी, विणलेल्या कापडाच्या गाद्या, डोक्यावर रुंद पट्टा. दुसऱ्यापेक्षा जड, कापड कानामागं थोडं खाजवत होतं. पण चष्म्याच्या काड्या त्यात रुतल्या नाहीत, निजल्या. आणि आवाज आला तो हाताच्या अंतरावरून. अल्लाबक्ष तरुण होता, समोर उभा होता. त्यानं श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणि मग कुठूनतरी, अगदी कडेनं, पानावरून वारा जावा तशी कुजबूज आली, ‘गड माझा नव्हे, मी गडाचा.’ लगेच अल्लाबक्ष गरजला, गड माझा नव्हे, मी गडाचा! टाळ्या.

नाथाजींनी चष्मा वर केला, डोळे पुसले, चष्मा खाली केला. इतक्या वर्षांत त्यांनी त्या टाळ्या विंगेतून ऐकल्या होत्या. स्वतःला पहिल्यांदाच ऐकत होते.

“मला जरा तिखट वाटतो हा,” उत्कर्षा म्हणाली. “स आणि श चावतात. तुम्हाला?”

“छे. गुळासारखा हाय.”

“आणि टाळ्यांच्या आधी मागं ते लहान पोर रडतंय, ते ऐकलं?”

नाथाजींनी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं, चेहरा कोरा.

“ऐकलं की. त्या खेळाला गिरणीतल्या बायका पोरं घेऊन आलत्या. दुसऱ्या रांगंत निळ्या लुगड्याची व्हती, तिचं पोर. मध्यंतरापतूर रडत व्हतं. शेवटी बिराप्पा पेटीवाल्यानं त्याला पेपरमिंट दिलं.”

“आबा,” उत्कर्षा हळूच म्हणाली, “त्यात पोर नाही.”

नाथाजींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. आवाज न करता ठेवला. राग आला की ते अधिकच हळू होत.

“म्हंजे परीक्षा व्हती.”

“हो.”

“डागतरनं सांगितलं का बापानं?”

“कुणी नाही. मी ठरवलं.” ती समोरून हलली नाही. मुद्दाम तोंड त्यांच्याकडं ठेवून बोलत राहिली. “जयराजकाका विचारतायत, नाथाजींना अजून ऐकू येतं का? नसेल तर आधीच सांगा, खेळाच्या वेळी घोळ नको. बाबांना खोटं बोलवत नाही आणि खरं सांगवत नाही. रोज फोन टाळतायत. आणि तुम्ही ते कानातलं यंत्र कपाटात गुंडाळून ठेवलंय.”

“ते शिट्ट्या मारतं. विंगेत शिट्टी मारनारा मानूस पायजे व्हय कुनाला?”

“म्हणून तर ही खोकी. माझ्यासाठी नाहीत, तुमच्यासाठी आहेत. नाटकात स्टेजवर माईक असतातच. त्यातला आवाज सरळ तुमच्या कानात. मोठा हवा तेवढा. मागून उघडे, म्हणजे तुमचा स्वतःचा आवाज तुम्हाला कळेल, किती हळू बोलायचं ते कळेल. तीन तास घालून चष्म्याच्या काड्या टोचायला नकोत, म्हणून विचारत होते. बाहेरच्या खोलीत माझा माईक लावून ठेवलाय. ते स्टेज. ही विंग. तिसरा त्यालाच जोडून देते. बघा तरी.”

“आन् समद्यांनी बघावं, नाथा डोक्याला टोपडं बांधून बसलाय! प्रॉम्प्टर दिसला की नाटक पडतं, ठावं हाय न्हवं?”

“दिसला तर पडतं. त्याला ऐकू आलं नाही तर काय होतं?”

एवढं बोलून तिनं तार जोडली आणि ती परसात निघून गेली. नाथाजी खुर्चीत एकटे. टेबलावर तपकिरी हेडफोन, दोन्ही जाळ्या वर करून, जणू तोच त्यांचं ऐकत होता.

आता या ठिकाणी तुमच्या-आमच्यासारखा माणूस विरघळला असता. नाथाजी विरघळले नाहीत. त्यांच्या मनात आलं ते असं: पोरगी म्हणते हे स्टेज, ही विंग. म्हणजे बाहेरच्या खोलीत जे बोलतील ते यात येणार. मल्हार आताच कामावरून आलाय. आपल्यामागं हे लोक काय बोलतात ते एकदाचं कळू दे. आणि निव्वळ संशयापोटी, इकडं तिकडं बघून, त्यांनी हेडफोन कानावर चढवला.

आधी पंखा. मग मल्हारच्या चपलांचं फरफटणं. खुर्चीवर टेकल्यावर त्यानं टाकलेला सुस्कारा. नाथाजी सावरून बसले. पोराचा सुस्कारा त्यांनी किती दिवसांत ऐकला नव्हता. त्याच वेळी माईकमधून लांबचा स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता, आणि नळाबरोबर एक बारीकशी शिट्टी. कुकर! करत होता की शिट्टी. मेला रोज करत असणार.

मग फोन वाजला. माईक जवळच असावा, कारण पलीकडचा जयराजही तुटक-तुटक कळत होता.

“मल्हारदादा, आज सांगूनच टाका. पोस्टर छापायचंय. अल्लाबक्षचाचा हटून बसलेत. नाथाजींना… जमेल का? ऐकू येतं ना?”

“जयराज… त्याचं असं हाय…”

मल्हार थांबला.

नाथाजींनी मान तिरकी केली. घरातली सगळी कुजबूज, पाठमोरी माणसं, गप्प होणं, ते सगळं आता एका थांबण्यात येऊन बसलं होतं. पोरगा काय लपवत होता? मल्हारनं श्वास घेतला. पुन्हा घेतला.

हा ठरवून थांबलेला नव्हता. याच्याजवळ वाक्यच नव्हतं. रोज फोन टाळत होता तो याचसाठी. हा लबाड नव्हता, अडलेला नट होता. आणि त्याचा बाप पलीकडच्या खोलीत हातावर हात ठेवून त्याच्यावर संशय घेत बसला होता.

विसरलेल्या नटाला किती वेळ लोंबकळत ठेवायचं, याचा नाथाजींचा एक अंदाज असे. तो संपला. त्यांनी अर्ध्या उघड्या दाराकडं तोंड केलं, हनुवटी किंचित खाली घेतली, आणि घरात बोलायची गावरान बोली बाजूला सारून रंगभूमीची भाषा लावली. आवाज सोडला तो उंबरा ओलांडून नेमका मल्हारपर्यंत जाईल एवढाच.

“त्यांना कमी ऐकू येतं.”

बाहेर खुर्ची कुरकुरली. आणि जसा कुठलाही नट घेतो तसं, वाक्य कुठून आलं याचा विचार न करता, मल्हारनं ते उचललं.

“त्यांना कमी ऐकू येतं.”

“हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे.”

“हे… हे त्यांनी स्वतः सांगितलंय.” आता त्याच्या लक्षात आलं होतं. तो दाराकडं वळला असावा, कारण माईकमधून तो थोडा दूर गेला.

स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता, हातात पळी. तिच्या मागं परसातून आलेली उत्कर्षा.

“पण स्टेजवरचा माईक त्यांच्या कानाला जोडा,” नाथाजी म्हणाले. “मग श्वाससुद्धा चुकायचा नाही.”

मल्हारनं तेही म्हटलं, शब्द न् शब्द. पलीकडं जयराज काहीतरी भराभर बोलला. हो, जोडू, ते सोपं आहे, असंच काहीतरी. मग तो म्हणाला, “बरं, त्यांचं आणखी काही म्हणणं?”

मल्हार थांबला. या खेपेला त्यानं श्वास घेतला आणि धरून ठेवला. हे थांबणं ठरवून होतं, वाट बघणारं होतं, आणि नाथाजींना त्यातला फरक लख्ख ऐकू आला. त्यांनी तपकिरी हेडफोनचा पट्टा डोक्यावर नीट बसवला, कानामागं खाजवणारं कापड बोटानं सरळ केलं, आणि त्याच बारीक, मोजलेल्या आवाजात म्हणाले,

“खुर्ची डाव्या विंगेत ठेवा म्हणावं. बिनहाताची.”